बाईंची मांजर आणि माझी सुई

मी गुरांचा डॉक्टर आहे. परभणीजवळ झरीच्या बाजूला माझी नेमणूक आहे आणि माझा सगळा दिवस म्हशी, बैल, शेळ्या यांच्यात जातो. मांजर घेऊन आमच्या दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. मांजर आजारी पडलं तर लोक म्हणतात, जगलं तर जगलं. त्यामुळे मांजरीच्या कातडीच्या आजाराबद्दल मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. लिहितो आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली आणि ती दीड वर्ष होत राहिली. ती अज्ञानातून झाली असं म्हणायची सोयही मला नाही.

ती मांजर माझ्या शाळेतल्या बाईंची.

माझे वडील मानवतच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी पाहिली नव्हती. बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. बारावीच्या वर्षी आमच्या एका खोलीत माझा अभ्यास होईना, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी मला स्वतःच्या घरी बोलावलं. शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर चटई टाकून बसायचो. जनावरांचा डॉक्टर होण्याचं शिक्षण परभणीतच मिळतं, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, हेही मला त्यांनीच सांगितलं. प्रवेशाचा अर्ज त्यांनी माझ्या शेजारी बसून भरून घेतला. माझ्या वडिलांनी खाली अंगठा लावला तेव्हा शाईचा डबा बाईंनी धरला होता. हे उपकार मी विसरलेलो नाही. खरं म्हणजे पुढे जे झालं, ते हे उपकार नको तितके लक्षात ठेवल्यामुळेच झालं.

बाईंचं घर लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा शिरलेलं नव्हतं. आमच्या घरी मात्र रविवारी मटण व्हायचं, आठवड्यातला तेवढाच एक दिवस असा. ते खाऊन बाईंकडे जायचं म्हटलं की मला भीती वाटायची. मी साबणानं हात धुवायचो, चूळ भरायचो, वरून मूठभर बडीशेप चावायचो. बाईंनी कधी विचारलं नाही, आमच्या घरी काय शिजतं म्हणून. त्यांना ते कळता कामा नये असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

नोकरी लागली, लग्न झालं, मी परभणीत राहायला आलो. मानवतला आईकडे रविवारी जाणं व्हायचं, तेव्हा बाईंकडेही डोकावायचो. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान वारल्यावर त्या घरात एकट्याच राहिल्या, आणि एके दिवशी परसातल्या लाकडांच्या आडून निघालेलं एक पिवळं-पांढरं पिल्लू त्यांनी उचलून घरात आणलं. त्याची मांजर झाली. बाई तिला दूध-भाकरी कुस्करून द्यायच्या, वर तुपाचा थेंब. दुपारच्या चहाच्या वेळी साय. मांजर त्यांच्या मांडीवर बसून पेपर वाचते असं त्या सांगायच्या.

एका रविवारी मी गेलो तर बाईंनी दारातच सांगितलं, "बरं झालं आलास. बघ रे, किती खाजवायलीय ही."

मी बघितलं. मानेभोवती केस गेले होते आणि तिथं बारीक खपल्या होत्या, राळ्याचे दाणे चिकटल्यासारख्या. कानाच्या मागं खाजवून खाजवून रक्त आलं होतं. पोटाखालची जागा चाटून चाटून गुळगुळीत झाली होती, गुलाबी. मी तिला टेबलावर घेतलं. बारीक दातांची फणी फिरवली, निघालेली घाण ओल्या कापसावर घेऊन बघितली. पिसवांची विष्ठा असेल तर कापसावर तांबूस डाग पसरतो. डाग पडला नाही. खरूज किंवा बुरशी दिसत नव्हती. तरीही मी पिसवांचं औषध तिच्या मानेवर सोडलं, मांजरांसाठी असतं तेच. गुरांच्या गोचिडांचं औषध मांजरीला लावून लोक तिचा जीव घालवतात, म्हणून एवढं मी जपलं. आणि मग एक इंजेक्शन दिलं.

ते स्टेरॉइडचं इंजेक्शन होतं. एकदा टोचलं की महिना-दीड महिना अंगात राहून काम करतं. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "अरे, जादूच केलीस. रात्रभर झोपली गप. एकदा नाही खाजवलं."

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून, शेंगदाणे आणि कोथिंबीर घालून. मी खुर्चीवर बसून खाल्ला. शेजारच्या आपा भिंतीपलीकडून वाकून बघत होत्या. त्यांना बाई म्हणाल्या, "हा आमचा डॉक्टर. ह्याला मी ह्या ओसरीवर शिकवलाय." आपा म्हणाल्या, "मग बाई, आमच्या बकरीला पण दाखवू का ह्यांना? का फक्त मास्तरीणबाईंच्या मांजरीचेच डॉक्टर हायत?" सगळे हसलो. मला लय बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढं महागात पडलं.

सहा आठवड्यांनी खाज परत आली. मी परत इंजेक्शन दिलं. पाच आठवड्यांनी परत. मग चार.

मला काय माहीत होतं ते इथं नीट लिहिलं पाहिजे. आम्हाला कॉलेजात हे शिकवलेलं होतं, आणि मला परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. मांजरीला अशी मानेची-तोंडाची खाज असेल, पिसवा नसतील, खरूज-बुरशी नसेल, तर तिच्या खाण्याकडे बघायचं. एखाद्या पदार्थातलं प्रथिन तिच्या अंगाला सोसत नाही, म्हणून कातडी पेटते. हे रक्त तपासून कळत नाही. त्याला एकच मार्ग आहे. मांजरीनं आयुष्यात कधी न खाल्लेलं असं एकच मांस निवडायचं आणि आठ आठवडे तिला तेवढंच द्यायचं. दुधाचा थेंब नाही, भाकरीचा तुकडा नाही. खाज थांबली तर जुनं अन्न एकेक करून परत द्यायचं आणि कशानं खाज येते ते बघायचं. आणि स्टेरॉइड परत परत दिलं तर मांजरीला मधुमेह होऊ शकतो, हेही मला माहीत होतं.

तरी मी बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

सांगायला तोंड उघडलं होतं, दोन-तीनदा. समोर बाई बसलेल्या, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, मागं देवघरात समई. आणि मला म्हणायचं होतं की बाई, ह्या घरात मटण शिजवा. तो शब्द मला त्या घरात उच्चारता येईना. वयाची छत्तीस वर्षं झाली, हाताखाली चार माणसं, तरी मी बडीशेप चावून आलेलाच मुलगा होतो. मी स्वतःची समजूत घातली की त्यांना विचारणं हाच त्यांचा अपमान आहे. त्या नाही म्हणतील, वर त्यांना वाईट वाटेल, मग कशाला. मी सुई काढायचो. त्या मांजरीला धरायच्या. दोन मिनिटांत काम व्हायचं.

नंतर मी मोजली. दीड वर्षात अठरा इंजेक्शनं.

मग एका बुधवारी मी झरीला एका गोठ्यात व्यायलेल्या म्हशीचा अडकलेला जार काढत होतो तेव्हा बाईंचा फोन येऊन गेला. हात धुऊन मी उलट फोन केला.

"काही विशेष नाही रे," त्या म्हणाल्या. "ती पाणी लय प्यायलीय. तीन-तीन वाट्या. वाळलीय पण. आणि एक गंमत सांगू का? परसात ती जिथं लघवीला बसते ना, तिथं मुंग्या लागायल्यात."

मी गोठ्याबाहेर येऊन उभा राहिलो.

"ऐकायलास ना? आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा अशाच मुंग्या लागल्या होत्या बाथरूममध्ये. मांजरीला शुगर असते का रे?"

"असते बाई," मी म्हणालो. "मी येतो."

त्याच संध्याकाळी गेलो. बाईंनी यजमानांचं साखर मोजायचं यंत्र कपाटातून काढून ठेवलं होतं, मी नव्या पट्ट्या नेल्या होत्या. मांजरीच्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मापाच्या वर गेली की एच-आय अशी जी दोन इंग्रजी अक्षरं येतात, ती आली. बाईंना ती ओळखीची होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कशानं झालं असेल?"

आणि मी म्हणालो, "वय झालं की होतं काही मांजरींना."

मांजर सात वर्षांची होती.

इन्सुलिन सुरू केलं, अगदी थोडं, दिवसातून दोनदा खाण्यानंतर. सुई कशी धरायची ते मी दाखवायला लागलो तर बाईंनी माझ्या हातातून ती काढून घेतली. "ह्यांना बारा वर्षं दिलंय मी. तू मला शिकवू नको." मानेमागची कातडी चिमटीत धरून त्यांनी टोचली, मांजरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. साखर फार खाली गेली तर काय दिसेल, मधाचं बोट हिरड्यांना कसं लावायचं, ते मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवले की अजून मान खाली जाते. मी दर दोन-तीन दिवसांनी दिवसाचं काम संपवून मानवतला जात होतो, साखर बघत होतो. आणि बाई भेटेल त्याला सांगत होत्या की बघा, एका मांजरीसाठी हा पोरगा परभणीहून येतो. देवळात सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. माझ्या आईलाही सांगितलं. आई मला म्हणाली, "तुज्या बाई लय गुन गायल्यात तुजे. बाप असता तर रडला असता." मी ताटावरून उठलो.

बाईंना मी स्वतःहून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. शेवटच्या इंजेक्शनाचा अंमल उतरला आणि खाज परत आली. ह्यावेळी जास्त वाईट. मधुमेहामुळे कातडी कागदासारखी झाली होती, नख लागलं की फाटत होती. मांजर मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागली होती. बाई ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज ते आधीचं इंजेक्शन दे बाबा तिला. त्यानं तिला बरं वाटतं."

"ते आता देता येणार नाही, बाई."

"का? मिळत नाही?"

"मिळतं. पण त्याच इंजेक्शनानं तिला शुगर झाली."

बाईंचा हात सुपात थांबला. मग त्यांनी वर्गात विचारायच्या तसं विचारलं, एकेक करून, आवाज न चढवता.

"तुला हे कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं. इतकी द्यायला नको होती."

"दुसरा उपाय नव्हता?"

"होता."

"मग?"

"तो तुमच्या घरात चालला नसता."

"काय होता?"

मी खाली बघून म्हणालो, "तिला दूध-भाकरी बंद करून आठ आठवडे नुसतं मटण द्यायचं होतं. उकडून."

बाईंनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मला वाटलं, आता त्यांना त्या शब्दाचा राग आला असेल. मग त्या म्हणाल्या, "चालणार नाही, हे कुणी ठरवलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"नाही."

"अरे, ही मांजर उंदीर मारून माझ्या उशाशी आणून ठेवते. ते काय मला दिसत नाही? मी काय तिचं तोंड धुऊन तिला पांघरुणात घेते?" आता त्यांचा आवाज चढला. "माझ्या गळ्यात लिंग आहे म्हणून माझ्या मांजरीनं खाजवत मरायचं का? हे तुला कुठल्या पुस्तकात शिकवलं?"

"बाई, मला वाटलं तुम्हाला..."

"तुला वाटलं. रविवारी तू बडीशेप खाऊन यायचास, ते मला कळत नव्हतं होय? चटईभर वास यायचा बडीशेपेचा. मी कधी उठवलं तुला?"

मला रडू आलं. त्यांनी माझी समजूत घातली नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "रडून काय करतोस. मटण किती लागेल ते सांग. मीठ घालायचं का?"

"नाही. मीठ नाही, हळद नाही, काहीच नाही."

"शिट्ट्या किती?"

ज्या प्रश्नाला मी दीड वर्ष भीत होतो, त्याचं उत्तर देऊन व्हायला पाच मिनिटं लागली.

स्वयंपाकघरात त्यांनी ते शिजवलं नाही, आणि मी त्यांना तसं सुचवलंही नाही. परसात न्हाणीघराच्या बाजूला पत्र्याखाली जुनी शेगडी मांडली, एक कुकर त्यासाठी वेगळा काढला. मटण मी आणायचो. त्यांच्या फ्रिजमध्ये देवाची फुलं आणि नैवेद्याचं दूध, तिथं ते ठेवायचं नव्हतं. आपांनी आपल्या फ्रिजरमध्ये जागा केली. रोज सकाळी भिंतीवरून एक पुडी द्यायच्या आणि रोज काहीतरी बोलायच्या. "बाई, तुमच्या मांजरीनं आमच्या फ्रिजात बोकड बांधलाय. चारा पण आमीच घालायचा का?" बाई नाकाला पदर लावून कुकर लावायच्या, मग अंघोळ करायच्या, मग पूजा. म्हणजे पूजा एक तास पुढं गेली. त्याबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. आपांनीच सांगितलं.

मांजरीला घरातच ठेवावं लागलं, बाहेर काही खाऊ नये म्हणून. पहिले दोन दिवस तिनं दुधाच्या रिकाम्या वाटीपाशी बसून आकांत केला. तिसऱ्या दिवशी ती मटण असं खायला लागली की बाईंनी मला त्याची चित्रफीत पाठवली, खाली काही न लिहिता.

मांस खायला लागल्यावर साखर उतरायला लागली. धान्य आणि दूध बंद झालं, स्टेरॉइड अंगातून गेलं, दोन्हीचा उपयोग झाला. इन्सुलिन मी हळूहळू कमी करत नेलं आणि दोन महिन्यांच्या आत ते पूर्ण बंद झालं. सगळ्याच मांजरी अशा सुटत नाहीत. ही सुटली, त्यात माझं श्रेय नाही. मानेवरच्या खपल्या गळून तिथं कापसासारखी लव आली. पाय परत सरळ झाले, फक्त उडी मारताना ती आता आधी विचार करते.

मग उरला शेवटचा भाग, जुनं अन्न देऊन बघण्याचा. बाई म्हणाल्या, "बरी आहे ना, राहू दे." पण मला आता सगळं पुस्तकाप्रमाणे करायचं होतं. मी म्हणालो, बाई, कारण कळलं पाहिजे. आधी आम्ही तिला भाकरीचा चुरा दिला, आठवडाभर, काही झालं नाही. मग दोन चमचे दूध. बाईंनी स्वतः दिलं, जुन्या वाटीत. मांजरीनं वाटी चाटून पुसून काढली. दुसऱ्या दिवशी तिनं कान खाजवला. तिसऱ्या दिवशी मानेवर रक्त होतं.

मी गेलो तेव्हा बाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिचा मागचा पाय धरून ठेवून.

"दूध," मी म्हणालो.

"म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं. साय वेगळी काढून ठेवत होते रे मी तिच्यासाठी. माझ्या चहात घालत नव्हते."

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. ते ऐकून माझ्या मनात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. हलकं वाटलं. म्हणजे सगळं माझ्यावर नाही, थोडं बाईंवरही आहे, असं काहीतरी. ते एका श्वासाइतकंच होतं. पण ते माझ्या मनात आलं हे मला ठाऊक आहे. नंतर माझी मलाच शिसारी आली.

"बाई, तुम्हाला कसं कळणार होतं? सांगायचं काम माझं होतं."

"हो, तुझंच होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग पाय तसाच धरून त्यांनी विचारलं, "ही एकटीच होती का? का आणखी कुणाच्या मांजरीला दिलंस?"

आणखी एक होता. झरीच्या शिवारात एक शेतकरी कुटुंब राहतं, नवरा-बायको. त्यांच्या म्हशी मी वर्षानुवर्षं बघतो. त्यांच्याकडे एक काळा बोका होता, बायकोचा लाडका. त्यालाही तशीच खाज. म्हशीला लस द्यायला गेलो की जाता जाता मी त्याला तेच इंजेक्शन द्यायचो, त्याला काय खायला घालता हे एकदाही न विचारता. ते माळकरी घर नव्हतं, लिंगायत नव्हतं. तिथं मटणाचा शब्द काढायला मला काहीच अडचण नव्हती. तरी मी विचारलं नाही. म्हणजे बाईंच्या घरातली माझी भीडही पुरं कारण नव्हती. सुई सोपी होती, हेही होतं. गेल्या दिवाळीपासून त्यांनी बोक्याचं नाव काढलं नव्हतं. मी समजलो, बरा असेल.

दुसऱ्याच दिवशी गेलो. नवरा गोठ्यात शेण ओढत होता.

"साहेब? म्हशीला तर बोलावलं न्हाई आमी."

"बोका कसा आहे बघायला आलो."

तो हसला. "बोका? त्यो गेला की. दिवाळीच्या आधीच गेला. बसा, च्या घ्या."

बायको चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, जाताना काय होत होतं. ती म्हणाली, "पानी लय प्यायचा. लय म्हंजे लय, हौदाला तोंड लावून बसायचा. वाळून काडी झाला. आन मागचे पाय टेकवून चालायचा, सशावानी."

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. शुगर झाली असणार, आणि ती माझ्या इंजेक्शनानं झाली असणार. खाज कशानं येते ते आधी शोधायला हवं होतं, मी शोधलं नाही. आणि वेळेवर कळलं असतं तर कदाचित वाचला असता.

नवरा म्हणाला, "जाऊ द्या ओ साहेब. मांजराचं एवढं काय घेऊन बसलाव? तुमी आमची म्हैस वाचवलीय दोनदा."

बायको ट्रे हातात धरून उभीच होती. म्हणाली, "शुगर म्हंजे साखरच ना?"

"हो."

"मग म्या गुळाचं पानी पाजत व्हते त्ये?" ती माझ्याकडे बघत होती. "अशक्तपना आला म्हनून. रोज सकाळ-संध्याकाळ. त्यो पीत न्हवता तर कापसाच्या बोळ्यानं तोंडात पिळत व्हते."

मला वाटलं, म्हणावं की त्यानं काही झालं नाही. तिला तेच ऐकायचं होतं. पण तिच्या वतीनं ठरवण्याचा अधिकार मी परत घेणार नव्हतो. मी म्हणालो, "त्यानं साखर वाढली असेल. पण तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं."

ती आत गेली. नवऱ्यानं फावडं भिंतीला लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ह्ये सांगायला कशाला आलाव साहेब? इसरली व्हती ती. आता चार दिस जेवायची न्हाई."

मी उठायला लागलो तेवढ्यात ती परत दारात आली. डोळे पुसलेले होते.

"साहेब, त्याला दुखत असंल का लय?"

"दुखत नसेल फार," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. "तहान लागत असेल. सारखी तहान."



"पानी तर देतच व्हते म्या," ती म्हणाली. "हौद भरूनच ठेवत व्हते त्याच्यासाठी."

"हो," मी म्हणालो. "ते तुम्ही दिलंत."